सुतकातली रास

आमच्या घरची तंबाखू नावाजलेली होती, म्हणून नातवंडं विचारतात, ती पिकवायची कशी? पिकवायला काय, कोणीही पिकवील. खरी करामत पान काढल्यानंतरची.

महाराजांच्या राज्यात आमच्या पंचगंगेकाठच्या मळ्यात दोन जातींची पानं व्हायची. पातळ, लांबट पान चिलमीचं. ते उन्हाला दाखवायचं नाही. सुतळीत ओवून वळचणीला सावलीत टांगायचं, म्हणजे पिवळं राहतं. जाड, रुंद पान खायचं. त्याला आधी रानातच ऊन आणि दव पिऊ द्यायचं. मग रास रचायची, गुळाचं पाणी शिंपडायचं, वर गोणपाट टाकून दगड ठेवायचे. रास आतून तापत जाते. हवी तेवढी तापली की लगेच उलटून पुन्हा रचायची. उशीर झाला तर आतलं पान करपून नुसता भुगा. आणि लवकर उलटली तर पान कच्चंच, तोंडात गवतासारखं.

किती तापली, हे हात घालून बघायचं. आमच्याकडे तो हात सासऱ्यांचा. मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, ते राशीजवळ उभं करत नसत. "ह्याचा हात म्हंजे नांगराचा फाळ," म्हणायचे. माझा हात लहान, पानं न मोडता आत जायचा, म्हणून मला सोबत न्यायचे.

"कळली का ऊब?"

"कळली, मामंजी."

कळली कुठली! बाहेर थंडी मरणाची, मी आपली हात शेकत उभी. पण पाणवठ्यावर माझा तोरा बघायचा होता. जशी काही अख्खी तंबाखू माझ्याच हुकमानं तापत होती.

एका वर्षी रास घातली आणि सासरे गेले. जेवून उठले, खांबाला टेकून बसले, ते तसेच.

मला रडू आलं नाही. भाकरी थापत होते, पाणी भरत होते. तव्याचा चटका बसला, तो फोड आल्यावर कळला. दारातल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "सून हाय का पाटा?" ते ऐकलं. ऐकून पीठ मळायला बसले.

सुतकातला हात राशीला लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. लावला तर पान कुजतं म्हणत. आणि रास तर तापायला लागलेली. आत्याबाई, माझ्या सासूबाई, कोपऱ्यातून एवढंच बोलल्या, "त्यांच्या हातची शेवटची हाय. जळू देऊ नगा."

म्हणून शेजारच्या पिंजाऱ्याच्या चाचीला बोलावलं. तिला आमचं सुतक नव्हतं. दवानं पान मऊ असतं तोवरच हलवायचं, उन्हात चुरा होतो. म्हणून उजाडताना गेलो. चाची राशीपाशी, मी आणि हे बांधावर.

"घाल हात, चाची. कोपरापातूर."

"घातला."

"कसं लागतंय?"

"गरम हाय की."

"गरम म्हंजे कसं?"

"भाकरीवानी."

"तव्यातल्या का दुरडीतल्या?"

"अगं बये, मी पिंजारीण. कापसाचं काय ते इचार. दुरडीतल्या म्हण."

"वरच्या का तळातल्या?"

"आता हात काढून घरला जाते बघ मी!"

हे म्हणाले, "उलटायची का न्हाय? ऊन चढाय लागलं."

दोघंही माझ्याकडं बघत होते. सासऱ्यांनी शिकवलेली सून ना मी! मी बांध उतरले आणि राशीत हात घातला. हे ओरडले, "अगं, सुतक!" तोवर हात आत गेला होता.

ना गरम, ना गार. दुसऱ्याच कुणाचा हात असावा, तसा. सासरे ठेवायचे तेवढा वेळ ठेवला, काढला, आणि मी म्हणाले, "उलटा." का म्हणाले, विचारू नका. चाचीनं आपल्या जावा बोलावल्या आणि रास उलटली. माझ्या हाताचं घरी बोलायचं नाही, असं ठरलं.

तेरावं झाल्यावर रास उघडली. बायका जमल्या होत्या. आत्याबाईंनी पान हुंगलं, चिमूट चुरून ओठात ठेवली.

"कशी हाय?" ह्यांनी विचारलं.

"जळायची ऱ्हायली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "पर हात उशिरा घातलास."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आभाळाकडं बघायला लागले.

काय करावं सुचेना, म्हणून मीही चिमूट तोंडात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा. चव काही लागली नाही, म्हणून गिळली.

"थुक की, येडे! गिळत्यात व्हय?"

मग काय, ओकाऱ्या, हुंदके, डोळ्यानाकातून पाणी. मागच्या बायका कुजबुजल्या, "रडली गं बाई एकदाची." मी त्यांना तसंच वाटू दिलं. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो गरम होता का गार, मला आजही सांगता यायचं नाही.