एसीखालची रांगोळी

माझी रांगोळी कधीच सुबक नव्हती. ठिपके सरळ येत नाहीत, कमळाची एक पाकळी नेहमी सुजल्यासारखी निघते, आणि दिवाळीत शेजारणी माझ्या दाराशी थांबून "छान आहे हो" म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजात कीव असते. तरी गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या फाटकाशी रोज सकाळी भलीमोठी रांगोळी घालणारी बाई मीच. सण नव्हता, लग्न नव्हतं. पुसा म्हणणारे पुष्कळ होते, आणि मी पुसणार नव्हते.

आमची इमारत वसई पश्चिमेला, चार मजल्यांची. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला भिंतीलगत सकाळभर सावली असते. तिथे जवळच्या निर्मळ गावाहून एक भाजीवाली येऊन बसते. आमची वयं सारखीच असतील, पण मी तिला मावशी म्हणते आणि ती मला ताई म्हणते. केळी, अळू, लाल माठ, उन्हाळ्यात कैऱ्या, सगळं तिच्या घरच्या वाडीतलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा असतो म्हणून ती येत नाही, आणि त्या दिवशी अर्ध्या इमारतीत बटाट्याची भाजी होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एसीचं पाणी नेमकं तिच्या कडेला ठिबकतं. तिने तिथे पत्र्याचा डबा लावला होता. त्या पाण्याने ती गोणपाट भिजवायची आणि पालेभाजीवर झाकायची. नळाला पाणी केव्हा येईल याचा भरवसा नसलेल्या गावात हे पाणी तिला देवाने दिल्यासारखं होतं.

मार्चमधल्या एका सकाळी मी माठाची जुडी निवडत होते. तिच्या तराजूच्या पारड्यात वरून काहीतरी टपकन पडलं. उचललं तर गंजाचा पापुद्रा, तळहाताएवढा. मी वर पाहिलं. एसीचं बाहेरचं यंत्र ज्या लोखंडी ब्रॅकेटवर ठेवलेलं होतं, त्याचा एक हात फुगून फुटलेला होता. बोल्टाभोवतीचं प्लास्टर सुटलं होतं आणि यंत्र एका अंगाला कललं होतं. त्यावर वजन कमी पडलं म्हणून की काय, मनीप्लांटच्या कुंड्या ठेवलेल्या.

मी सातिवलीला लोखंडी रॅक बनवणाऱ्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. उघड्यावर राहिलेला माल रोज डोळ्यांसमोर असायचा. गंज वर दिसतो त्याहून आत जास्त असतो. आणि वसईचा वारा खारा. इथे खिडकीची कडी गंजते, तिथे भिंतीवर टांगलेल्या लोखंडाची काय कथा.

मला एसीचा राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्याकडेही आहे. बसवायला आलेला मेकॅनिक बाहेरच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकायला निघाला होता. मी म्हटलं, जिथे माझा हात पोहोचत नाही तिथे माझं यंत्र नको. उघड्या गॅलरीत स्टँडवर बसवायला लावलं. नवऱ्याची आरामखुर्ची त्यापायी घरात आली आणि तो अजून कुरकुरतो. पण दर उन्हाळ्याआधी मी स्वतः बोल्ट घट्ट आहेत का बघते, जाळी साफ करते आणि मगच एसी चालू होतो. एसीची तार वेगळी आहे, अर्थिंग तपासून घेतलेलं आहे. लोक हसतात. हसू देत.

तर मी मावशीला म्हटलं, "मावशी, इथून उठा. वरचं यंत्र पडायला आलंय."

"कुठे जाऊ?" ती म्हणाली. "पलीकडे ऊन. दुकानवाला बसू देत नाय. इथे सावली आहे, पाणी आहे, लोकांना माझी जागा माहीत आहे. तुला माठ देऊ का दोन जुड्या?"

मी सेक्रेटरीकडे गेले. आमचे सेक्रेटरी बँकेत आहेत, माणूस गोड आहे, पण प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एकच औषध असतं. "काकू, मीटिंगमध्ये घेऊ."

"ते मीटिंगपर्यंत थांबेल का?"

"इतकी वर्षं आहे ना ते वर? काही झालं का?"

वरच्या घरात भाड्याने राहणारं तरुण जोडपं म्हणालं, आंटी, आम्ही रेंटवर आहोत, ओनरला सांगा. कुंड्या मात्र त्यांनी लगेच आत घेतल्या, तेवढं श्रेय देते. ओनर मुंबईत. तो फोनवर म्हणाला, बाहेरची भिंत सोसायटीची, सोसायटीने बघावं. सोसायटी म्हणाली, एसी ओनरचा, ओनरने बघावं. पालथ्या घड्यावर पाणी. घरी आले तर नवरा म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तुझी हौस फिटत नाही का?"

नाही फिटत. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण सकाळी ती बाई पुन्हा त्याच्याखाली बसणार होती आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिथे जुनं स्टूल आडवं ठेवलं. वॉचमनने ते उचलून आपल्या बसायला घेतलं. दोरी बांधली, तर स्कूटरवाल्यांनी ती सोडून मावशीच्या शेजारी स्कूटर लावली. मग विटा मांडल्या. त्या कोणीतरी कुंडीखाली नेल्या. मावशी तिथेच बसत राहिली. मी गॅलरीत उभी राहून चरफडत होते आणि खाली जिन्याशी तळमजल्यावरच्या बाईंनी नातवाच्या बारशाची रांगोळी घातली होती. तिला वळसा घालून माणसं चालली होती. दूधवाला, कुरिअरवाला, नमस्कार न करणारी कॉलेजची पोरंसुद्धा. एकाने तर मोबाइलवर बोलता बोलता, खाली न बघितल्यासारखं करून, बरोब्बर पाय बाजूला टाकला. आपल्याकडे माणूस फलक वाचत नाही, दोरी मानत नाही, सेक्रेटरीचं ऐकत नाही. रांगोळीवर मात्र पाय देत नाही.

पहाटे मी पिठाचा डबा भरून पांढरी रांगोळी घेऊन खाली उतरले. यंत्र पडलं तर कुठवर येईल याचा अंदाज घेतला आणि तेवढी जागा भरून काढली. ठिपके, कमळं, वेली, जे येईल ते. गुडघे बोलायला लागले. पण उजाडलं तेव्हा स्कूटरवाले स्कूटर दुसरीकडे लावत होते, काही न बोलता.

मावशी रिक्षातून टोपली घेऊन उतरली. बराच वेळ बघत राहिली.

"कोणाचं लग्न आहे?"

"कोणाचं नाही. तुम्ही तिथे बसू नये म्हणून आहे."

तिचा चेहरा बदलला. तिने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. मी घरातली मोठी छत्री आणली होती, पाण्याची बादली भरून ठेवली होती, पलीकडच्या भिंतीपाशी बसा म्हणाले. ती माझ्याकडे न बघता निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इमारतीतल्या बायकांनी मला धारेवर धरलं. गरीब बाईला रांगोळीने हाकललंत, म्हणाल्या. त्यातल्या एकीनेही वर बघितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

सेक्रेटरींनी तर माझ्या रांगोळीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. काकूंचा सुंदर उपक्रम, खाली हात जोडलेले आणि फुलं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी मी वेली आणि कमळं बंद केली. लोक जिथे शुभ दीपावली लिहितात तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं: वर बघा.

आणि लोक बघायला लागले. आपल्याकडे रांगोळीत लिहिलेलं वाचतातच. जो येईल तो थांबे, वाचे, मान वर करी आणि दोन पावलं मागे सरके. गॅसवाला म्हणाला, बापरे. सेक्रेटरी धावत आले.

"काकू, हे काय? लोक काय म्हणतील? ते पुसा आधी."

"तुम्ही वरचं उतरवा, मी खालचं पुसते."

"तुम्ही ना, फार ताणता."

"मी नाही ताणलं. तो बोल्ट ताणतोय, आणि तो थकलाय."

रोज पुसलं जायचं, वॉचमनला सांगून. रोज मी पुन्हा लिहायची. नवरा म्हणाला, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा. पण त्या रात्री माझ्या गुडघ्यांना तेल त्यानेच चोळलं.

शेवटी हललं ते वेगळ्याच कारणाने. वरचा मालक ते घर विकायला काढून बसला होता. एका सकाळी तो गिऱ्हाईक घेऊन आला. बाईसाहेब गाडीतून उतरल्या, फाटकात आल्या, त्यांनी रांगोळी वाचली आणि वर बघितलं. मग मालकाकडे बघितलं. पुढचं मी गॅलरीतून ऐकलं. इतके दिवस जो माणूस सोसायटीकडे बोट दाखवत होता त्याने तिथल्या तिथे मेकॅनिकला फोन लावला.

दोघे मेकॅनिक आले. खिडकीबाहेर उतरायला निघालेल्या माणसाने पट्टा बांधला नव्हता. मी खालून म्हटलं, "पहिले बेल्ट." तो म्हणाला, "मॅडम, रोज का काम है." मी म्हटलं, "गिरना भी रोज नहीं होता." त्याने बांधला. मी फाटक लावून घेतलं, कोणाला आत सोडलं नाही. दोर लावून त्यांनी यंत्राचं वजन वरून धरलं आणि बाहेर उतरलेल्याने ब्रॅकेटला फक्त हात लावला. तो तुकडा त्याच्या हातात आला. बोल्ट प्लास्टरसकट भिंतीतून सरकून बाहेर आला आणि माझ्या रांगोळीत पडला.

सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "चला, काही झालं नाही ते बरं."

काही झालं नाही! जणू ते न होणं आपोआप घडलं.

नवं यंत्र बसवलं ते खिडकीखालच्या सिमेंटच्या पट्टीवर, न गंजणाऱ्या बोल्टांनी, घरातून हात पोहोचेल असं. पाण्याची नळी मात्र मी सांगून जुन्याच जागी, भिंतीलगत खाली आणवली. मग तो गंजलेला तुकडा रुमालात बांधला आणि रिक्षाने निर्मळला गेले.

मावशी ओट्यावर विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत बसली होती. दारात क्रूस, मागे केळी. तिने बस म्हटलं नाही, पण सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी रुमाल सोडला. तिने तुकडा उचलला, भाजी तोलावी तसा हातावर तोलला आणि ओट्यावर ठेवला.

"दोन वर्षं बघते मी हे, ताई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बघत होतात? मग बसत होतात कशाला? बोलला का नाहीत कोणाला?"

"कोणाला बोलू? बोलले असते तर त्यांनी मशीन काढली असती? मला काढलं असतं. बाई, इथे धोका आहे, तुम्ही उठा. झालं." तिने पुढची जुडी बांधली. "आणि तसंच झालं ना. पहिली उठली ती मीच."

एवढ्या दिवसांचा माझा राग सेक्रेटरीवर होता, मालकावर होता. आता तो कुठे ठेवू ते कळेना. पाणी पिऊन मी उठले आणि म्हटलं, "उद्या या."

"जागा?"

"जागा मी बघते."

परत आले तर फाटकाशी वॉचमन पिवळा रंग घेऊन वाकला होता. स्कूटरसाठी पट्टे मारत होता. सेक्रेटरी शेजारी उभे. "काकू, आता सेफ झाली ना जागा. सगळ्यांची सोय होईल."

मी काही बोलले नाही. माझं न बोलणं काय असतं हे नवऱ्याला माहीत आहे. त्याने संध्याकाळी आपण होऊन रांगोळीची पिशवी आणून ठेवली.

पहाटे मी खाली उतरले. त्या पिवळ्या पट्ट्यांवरून जाड वेल काढली, चारी बाजूंनी. मधली जागा कोरी ठेवली, एक टोपली, एक तराजू आणि एक माणूस मावेल एवढी. भिंतीकडून आत यायला वाट सोडली आणि नळीखाली पत्र्याचा डबा ठेवला. त्या दिवशी पाकळ्या सगळ्या सारख्या आल्या, का कोण जाणे.

मावशी आली. बघितलं, वाटेने आत गेली, गोणपाट डब्यात बुडवलं आणि बसली. स्कूटरवाले वळसा घालून गेले. मग सेक्रेटरी ऑफिसला निघाले आणि वेलीच्या कडेशी येऊन थांबले. बुटाचं टोक रांगोळीपासून बोटभर लांब.

"काकू, आता तर वर काही नाही. आता ही कशाला?"

"आता खाली बघा," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. मावशीनेही मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ते रोज तिच्या शेजारून गेले असतील.

"कैऱ्या किती देऊ?" तिने विचारलं.

"अर्धा किलो," ते म्हणाले.