पुसलेली वीणा

पुजाऱ्याने माझ्या गळ्यातली वीणा काढून घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि मग भाऊसाहेबांच्या गळ्यात घातली. माझ्यासमोर. मी हात जोडून, वाकायला तयार उभा होतो. भाऊसाहेब माझ्यावरून नजर उचलून विठोबाकडे बघत राहिले.

नामसप्ताहाची रीत ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही आणि देवाचं नाव थांबत नाही. एक माणूस वीणा गळ्यात घालून उभा राहतो, तार छेडत 'राम कृष्ण हरी' म्हणत राहतो. त्याला पहारा म्हणतात. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात, छातीला छाती लावतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तिथं जात नाही, वय नाही, हुद्दा नाही. निदान माझ्या बापाने मला असंच शिकवलं होतं.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या छत्रीबाग वस्तीतलं ते देऊळ भाऊसाहेबांच्या पूर्वजांनी बांधलेलं. पूर्वज दरबारातले सरदार, भाऊसाहेब स्वतः रिटायर्ड अधिकारी. मी कापड मिलमधला विणकर. म्हणजे होतो. त्या वर्षी मिलच्या गेटला कुलूप लागलं. शहरात रंगीत टीव्हीची नवी दुकानं उघडत होती आणि आमचा भोंगा कायमचा गप्प झाला होता.

दुपारचा पहारा कुणालाच नको असतो. प्रसाद जेवून मंडळी आडवी होतात. भाऊसाहेब सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तू घे रे दुपार. तुला काय, आता टाइम ही टाइम है!" लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

पण खरं सांगतो, वीणा गळ्यात आली आणि मला बरं वाटलं. अर्धं आयुष्य मी मागासमोर उभा राहून काढलं. मिल बंद झाली आणि पायांना कामच उरलं नाही. घरात बसून बसून पाय मेल्यासारखे झाले होते. देवळात उभा राहिलो तेव्हा घाम कपाळावरून गळ्यात उतरला. पोटऱ्या ठणकल्या. तारेने बोट सोललं. आणि नाव तोंडातून हळूहळू खाली जात टाचांपर्यंत पोचलं. माझं अंगच नाव घेत होतं. गादीवर बसून ऐकणाऱ्याला हे कळायचं नाही. देव अंगातून जातो, म्हणून तर वीणा देताना अंगाला अंग लावायचं असतं.

आणि ज्या अंगातून तो दुपारभर गेला, तेच अंग यांना विटाळाचं! जळला तो मान.

शिवाय पुजाऱ्याने वीणा पुसली तेव्हा तार मुकी होती. मी थांबलो होतो, भाऊसाहेबांनी सुरू केलं नव्हतं. कुणाच्याच तोंडात नाव नव्हतं. अखंड म्हणे!

घरी आलो. ताट बाजूला सारलं. बायकोने विचारलं, मी सांगितलं. तव्यावरची पोळी उलटत ती म्हणाली, "दुपारभर देवाशी बोलता ना? मग त्या माणसाशी बोलायला काय झालं?"

रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, परत उभा राहिलो. पहारा संपता संपता पुजारी खांद्यावर फडकं टाकून आला. मी मान हलवली. नाव चालूच ठेवलं आणि भाऊसाहेबांना हाताने खूण केली, तुम्ही या. झोप काढून, चहा पिऊन आले होते ते. आधी त्यांना समजलंच नाही. समजलं तेव्हा तोंड लाल झालं.

"मी? तुझ्या पाया पडू?"

मी नाव आणखी मोठ्याने घेतलं. आडवी झालेली मंडळी उठून बसली. एक जण म्हणाला, "अरे भिया, जाने दे ना, बड़े आदमी हैं." भाऊसाहेबांना मात्र कुणी म्हणालं नाही की अहो, वाका. एकानेही नाही. आमच्या चाळीतले दोघं होते तिथं. ते खाली फरशीकडे बघत होते.

"काढ रे याच्या गळ्यातून," भाऊसाहेब पुजाऱ्यावर ओरडले.

पुजाऱ्याने वीणा धरून ओढली. पट्टा मानेत काचला. तेव्हा मी नाव थांबवलं, वीणा स्वतःच्या हाताने काढली आणि जमिनीवर ठेवली.

देवळात एकच गलका झाला. "सप्ताह मोडला! इसने सप्ताह तोड़ दिया!"

मी म्हणालो, "सप्ताह काल मोडला. फडकं फिरवलंत तेव्हा. तेव्हा कुणी ओरडलं नाही."

संध्याकाळी पुजारी आमच्या चाळीत आला. आत आला नाही, दारातूनच बोलला. "भिया, माफी माँग लो. नाहीतर पाप लागेल तुम्हाला."

"लागू दे," मी म्हटलं. "सगळं माझ्या डोक्यावर. मी वाकायला कालही तयार होतो. वाकायचं त्यांचं राहिलंय."

नाव मी सोडलेलं नाही. ते माझ्या बापाने दिलंय, भाऊसाहेबांनी नाही. पण ज्याला माझी छाती छातीशी नको, त्याच्या पुण्यासाठी हे पाय पुन्हा उभे राहणार नाहीत. त्याला सात दिवस अखंड पाहिजे ना? मग राहा म्हणावं उभा. भर दुपारी. स्वतःच्या पायांवर.