आपांचा अर्धा कप

सांग बघू, धंद्यात विश्वास कुणावर टाकावा? गोड बोलून कागद पुढे सरकवणाऱ्यावर, की कागदाचं नावही न काढता तुझ्या पुढ्यात मेंढीचं डोकं ठेवणाऱ्यावर? मी अजून ठरवतोय! साउथहॅम्प्टनला ड्रायफ्रूटचं दुकान टाकल्यापासून असे किस्से गोणीतल्या अक्रोडांसारखे साठलेत. एक काढायला जावं तर चार घरंगळतात.

बाकीत नावाचा माझ्या ओळखीचा एक किर्गिझ तरुण ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत होता. त्याची आई, म्हणजे आपा, किर्गिझस्तानातून त्याच्याकडे राहायला आलेल्या. गावाकडचे अक्रोड कुणाला विकायचे, हे त्याच ठरवणार. मला ते दिवाळीआधी हवेच होते, कारण गिऱ्हाइकांना मी आधीच हो म्हणून बसलो होतो.

*

त्यांच्या घरी पहिल्या भेटीत मी अक्रोडांच्या सॅम्पलचा विषय काढला.

"आधी चहा," बाकीत म्हणाला.

टेबलभर बोरसोक पसरलेले. आपल्या शंकरपाळ्यांचे फुगलेले भाऊच! चहा मात्र अर्धा कप. संपला की आपा पुन्हा अर्धाच ओतणार. मनात म्हटलं, बाई हिशेबी दिसते. आपलं जमणार!

*

मग गरम सूप आलं. मला घाम फुटला, म्हणून दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. झालं! सगळ्यांनी तसेच तळवे चेहऱ्यावरून फिरवले, "ओमीन" म्हणाले आणि उठले. जेवण संपल्याची प्रार्थना मीच उरकून टाकली होती. मटण अजून किचनमध्येच!

"पाहुण्याने केलं, म्हणजे संपलं," बाकीत हळहळला. बिचारा सकाळपासून पोट रिकामं ठेवून बसला होता.

*

पुढच्या खेपेला मेंढीचं उकडलेलं डोकं माझ्यासमोर आलं. हा मोठा मान! पाहुण्याने त्याचा कान कापून कुणाला तरी द्यायचा. मी आपला अदबीने आपांना दिला. कान घरातल्या धाकट्याला देतात म्हणे, त्याने मोठ्यांचं ऐकावं म्हणून!

आपा हसत सुटल्या. "विचार त्यांना, या वयात मी आता कुणाचं ऐकू?"

त्या दिवशी अक्रोडांचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

निघताना उरलेलं मटण बांधून दिलं. नाही म्हटलं तर अपमान. आमची सुमन पक्की शाकाहारी. रात्री तिने फ्रीज उघडला, तर साबुदाण्याच्या डब्याशेजारी मेंढीचा खांदा!

"अहो, हे पाहुणे किती दिवस राहणार आहेत?"

*

मग बाकीत आमच्याकडे आला. सुमनने चहा काठोकाठ भरला, पार बशीत सांडेपर्यंत. त्याचा चेहरा पडला. गरम चहा कसाबसा संपवला, "थँक यू" म्हणाला, कोट चढवला आणि गेला!

मी फोन केला, तेव्हा कळलं.

"आमच्यात भरलेला कप म्हणजे, आता निघा. अर्धा म्हणजे बसा, अजून वाढायचंय."

"अरे, आमच्याकडे अर्धा कप दिला तर लोक वर्षभर बोलतील!"

"ते आईला सांगा. ती आता मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला अक्रोड देऊ म्हणतेय."

*

हातापाया पडून आपांना घरी बोलावलं. सुमनने किटली हातात घेतली ती सोडलीच नाही. अर्धा कप. पुन्हा अर्धा. चकल्या संपल्या, चिवडा संपला, बाहेर अंधार पडला. पुढ्यात अर्धा कप असताना आपा उठेनात, आणि सुमन कप भरेना. बाकीत सारखा बाथरूमला पळतोय. मी डोळ्यांनी खुणावतोय, अगं, भर आता! ती माझ्याकडे बघतच नाही.

शेवटी आपांनी तिच्या हातातून किटली काढून घेतली आणि स्वतःचा कप स्वतःच काठोकाठ भरला. सावकाश प्यायल्या. तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आम्ही सगळ्यांनी फिरवले.

मग सुमनकडे बोट दाखवून मुलाशी काहीतरी बोलल्या. बाकीतने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे वळला.

"आई म्हणते, अक्रोड तुम्हाला. यांना नाही, हे कप भरायला खुणावत होते. आणि हिशेब तुम्हीच ठेवा, वहिनी. खरा ठेवा."