बॉनेटखालचं चौथं नाव

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या गाडीला तोंड नव्हतं. ही अतिशयोक्ती नाही. बॉनेट आणि हेडलाइटच्या खोबण्या मिळून फायबरचा जो एकसंध पुढचा भाग असतो, तो तीन आठवड्यांपूर्वीच टेम्पोने पेणला गेला होता, आणि इंजिन, रेडिएटर, वायरी असं सगळं उघड्यावर मांडून मी बोरघाट उतरत होते. दात काढण्यात तीस वर्षं घालवलेल्या बाईने असं बोळकं घेऊन रस्त्यावर यावं, याची माझ्या नवऱ्याला फार गंमत वाटली. तो सोबत आला नाही. "दोनच तर सीट आहेत, दुसऱ्या सीटवर तुझा अभिमान बसू दे," म्हणाला.

अभिमान होताच, कशाला नाकारू? 'ससाणा' नावाच्या या गाड्या सत्तरच्या दशकात चिंचवडच्या एका शेडमध्ये जेमतेम अकरा बनल्या आणि शेड बंद पडली. माझी चौथी. बाकीच्यांचा पत्ता नाही. माझ्या गाडीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला, रेझिनच्या थराखाली, एक चिठ्ठी कायमची बंद केलेली होती: गाडीचा नंबर आणि ती बनवणाऱ्या चौघांची नावं. आलेल्या-गेलेल्याला ती दाखवून "सगळं मूळचं आहे हं" असं मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. नावं मात्र कधी धड वाचली नव्हती.

त्या बॉनेटला आमच्या सोसायटीच्या फाटकाने उभी चीर पाडली. (गाडी फाटकावर मीच घातली होती, पण ते जाऊ दे.) पुण्यात कुणी ते काम अंगावर घेईना. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मोठ्या मूर्ती फायबरच्याही करतात असं कळलं, म्हणून तिकडे धाडलं. निरोप दिला, "सांधता आलं तर सांधा, नाहीतर साचा घेऊन नवं करा."

ते गेलं आणि चारच दिवसांनी रोह्याजवळच्या वरश्याहून पत्राचं उत्तर आलं. ससाणा ज्यांनी बनवली त्या गुप्तेकाकांचा पत्ता मी वर्षभर शोधत होते. त्यांनी लिहिलं होतं, "गाडी जिवंत आहे हे वाचून बरं वाटलं. मी आता बरंच विसरतो. चौघांपैकी मी, डिसोझा आणि माने आठवतो. ज्याने सगळे साचे केले त्याचं नाव आठवत नाही. त्याच्या घरी जेवलो आहे, त्याच्या मुलीच्या लग्नात नाचलो आहे. चिठ्ठी वाचायची आहे. आणखी विसरण्याआधी या." म्हटलं, पेणला बॉनेट बसवायचं आणि तसंच रोहा गाठायचं.

खोपोली सोडली की पेणचा रस्ता शांत होतो. जानेवारीची सकाळ, भातखाचरांत वालाचे हिरवे वेल पसरलेले. गागोद्याच्या फाट्यापाशी पेंढा भरलेला ट्रॅक्टर पुढे होता. त्याचा निम्मा पेंढा उडून माझ्या रेडिएटरमध्ये बसला आणि काटा लालावर गेला. गाडी बाजूला घेऊन मी एकेक काडी काढत बसले. शेतातून एक आजोबा आले, सगळीकडून गाडी न्याहाळली आणि हळहळत म्हणाले, "भंगारात न्यायची व्हय?"

"नाही हो, दुरुस्तीला."

"मंग ठीक हाय," म्हणून त्यांनी विहिरीचं पाणी आणून दिलं आणि जाताना मूठभर शेंगा सीटवर ठेवल्या.

पेणच्या कारखान्यात शिरल्यावर मला आपल्या दवाखान्यात आल्यासारखं वाटलं. तोच प्लास्टरचा वास, तेच पांढरे हात, फक्त माप दाढेऐवजी सोंडेचं. साच्याचं काम बघणारे एक भाऊ पुढे आले. पन्नाशीचे, सडपातळ, कानाला पेन्सिल. बाजूला त्यांची बायको एका मूर्तीच्या हातावरून पॉलिश पेपर फिरवत होती. भाऊंनी गोणपाट बाजूला केलं आणि माझं नवं बॉनेट दाखवलं. मी हात फिरवला. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. खरं सांगते, दंतवैद्याचं बोट सहसा फसत नाही.

"आणि जुनं?" मी विचारलं.

"ता विसर्जन केलं," भाऊ म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"साच्यातून काढताना चिरेवर दोन तुकडं झालं, ताई. खंडित वस्तू कारखान्यात ठेवत नाय आमी. गणपती असो, नायतर काय पण असो. परवा बाकीच्या तुकड्यांसंगती खाडीवर सोडलं."

"अहो, ते बॉनेट होतं!" मी ओरडले. "त्यात चिठ्ठी होती! एक म्हातारा माणूस त्या चिठ्ठीची वाट बघतोय!" आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. पुण्याच्या शुद्ध भाषेत माणसाला किती टोचता येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. भाऊ मान खाली घालून उभे राहिले. पॉलिश पेपरचा आवाज थांबला.

मग ते हळूच म्हणाले, "पन ता बुडालं नाय. दोनदा ढकललं, दोनदा वर आलं. भरतीला आत गेलं असंल. चला, बघू."

अर्ध्या तासात त्यांनी नवं बॉनेट बसवलं आणि गुडघे हनुवटीला लावून माझ्या शेजारी बसले. ससाण्यात बसणं म्हणजे पाटावर बसणंच. मी फुरंगटून रस्त्याकडेच बघत राहिले.

खाडीच्या बांधावर गाडी ठेवून आम्ही चालत निघालो. मिठागराचे चौकोन उन्हात चकाकत होते. उघाडीजवळ (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) एक म्हातारी मीठ ओढत होती. भाऊंनी लांबूनच हाक मारली, "गो आये, लाल रंगाचा मोठा तुकडा आला काय हिकडं?"

"त्यो काय!" तिने फावड्यानेच दाखवलं.

चार बांबूंवर माझ्या बॉनेटचा मोठा तुकडा आडवा बांधला होता. खाली पाण्याचे तीन हंडे. हेडलाइटच्या भोकात तिने नारळाची सोडणं कोंबली होती. "गोडं पानी लांबून आणावं लागतं," ती म्हणाली. "दुपारी तापून चाय होते त्याची. आता नाय तापत."

मी ओणवी झाले आणि हंड्यांच्या मधून डोकं आत घातलं. वर, पिवळ्या पडलेल्या रेझिनखाली, चिठ्ठी होती. नंबर चार. प्रभाकर गुप्ते. डिसोझा. माने. आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, गुलाब तांबोळी. मी ते नाव तीनदा वाचलं, मग औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर लिहून घेतलं, तेव्हा कुठे श्वास सोडला.

"तुजा हाय तर ने गो बाय," म्हातारी म्हणाली आणि गाठ सोडायला लागली.

मी हंड्यांकडे पाहिलं. मूळ, अस्सल, अकरांतली चौथी. सगळे शब्द तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. "राहू दे, आजी," म्हटलं. सोडून देताना वाईट वाटलं, हेही सांगून टाकते. तिने त्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी दिलं. खरंच गार होतं.

भाऊंना कारखान्यापाशी उतरवून, पोह्याचे पापड घेऊन, नागोठण्यावरून वरश्याला पोचले तेव्हा चार वाजले होते. गुप्तेकाका फाटकात उभेच होते. मला काही न विचारता त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर हात ठेवला, मागच्या चाकावर ठेवला आणि बॉनेटवर आल्यावर थबकले.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

मी घडलेलं सगळं सांगितलं आणि पॅडचा कागद पुढे केला. चष्मा नाकावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"गुलाब," ते म्हणाले. मग मोठ्याने, घराच्या दिशेने, "अगं, गुलाब! गुलाब तांबोळी!" काकू धावत बाहेर आल्या. "साच्याजवळ चप्पल घालून येऊ द्यायचा नाही मला. मला, मालकाला! गुलाब गं!" काकूंनी पदराने डोळे पुसले. त्यांनी महिनाभर या एका नावापायी काय सोसलं होतं ते मला नंतर कळलं. काका रात्री उठून बसायचे म्हणे.

संध्याकाळी शेजारच्या शेतात पोपटी लावली होती (वालाच्या शेंगा मडक्यात घालून, भोवती पेंढा पेटवून भाजतात). भांबुर्ड्याचा (पोपटीत घालायचा उग्र वासाचा पाला) वास बोटांना लागला होता. शेंगा सोलता सोलता काकांनी विचारलं, "बॉनेट फार सुरेख झालंय. आमच्यापेक्षा कडा सरळ आहेत. कुणी केलं?"

"पेणच्या एका भाऊंनी."

"नाव काय त्यांचं?"

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. त्या माणसावर मी ओरडले होते, त्याच्याकडून काम करून घेतलं होतं, त्याला शेजारी बसवून खाडीपर्यंत नेलं होतं. नाव विचारलं नव्हतं. काकांनी पुढची शेंग सोलायला घेतली.

सकाळी त्यांनी एक कागद हातात दिला. वर नंबर चार, खाली चार नावं. "खाली जागा सोडली आहे," एवढंच म्हणाले.

परतताना पुन्हा पेणला थांबले. आधी माफी मागितली, मग कागद पुढे केला. भाऊ कावरेबावरे झाले. "नाव कशाला, ताई? मूर्तीवर आमी नाव नाय घालत."

"ही मूर्ती नाही. बॉनेट आहे."

ते हसले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी सावकाश लिहिलं, पांडुरंग तुकाराम म्हात्रे. पण पेन्सिल परत कानावर गेली नाही. "ताई, कडा हिनं घासल्यात. आठ दिस."

"मग घाला की त्यांचं."

"माजा नाव? गाडीवर?" बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग हात पुसले आणि स्वतःच लिहिलं, सुगंधा. भाऊंनी बॉनेट उचलून आत कागद चिकटवला, वर रेझिन फासलं. एक कोपरा वर येत होता, तो सुगंधाबाईंनी बोटाने दाबून धरला.

पुण्याला नवऱ्याने दारातच विचारलं, "काय, सगळं मूळचं?" म्हटलं, नाही. आता कुणी गाडी बघायला आलं की आधी बॉनेट उचलते आणि सहाही नावं मोठ्याने वाचून दाखवते. सुगंधाबाईंचं शेवटी. त्या नावाशेजारी रेझिनमध्ये त्यांच्या बोटाचा ठसा आहे.