फोन कोण उचलतं

"आता पुढची तारीख मिळणार नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा संध्याबाई शिरसाठ मान खाली घालून ऐकत राहिल्या. गर्भपिशवीत गाठी होत्या, अंगावरून फार जात होतं, जिना चढताना धाप लागायची. तरी दोनदा त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं होतं. एकदा मुलांची परीक्षा म्हणून, एकदा नवीन वर्ष सुरू होतंय म्हणून. या खेपेला नेमकी नवरात्रातली तारीख आली. घरी घट बसायचा. पण त्यांनी जावेला फोन करून सांगून टाकलं, "या वर्षी घट तू बसव. मी बरी झाले की आईची ओटी भरेन."

यजमान गालातल्या गालात हसले. "देवीला बदली माणूस चालतं. तुझ्या पोरांनाच चालत नाही का?"

"देवी कुठे जायची नाही," बाई म्हणाल्या. "पोरं जातात."

ते खरंच होतं. पंचवटीतल्या एका लहानशा मराठी शाळेत त्या दुसरीला शिकवायच्या. करोनानं शाळा बंद पडली त्याला दीड वर्ष झालं होतं. ही मुलं पहिलीपासून त्यांच्याकडेच. पहिलीत आली ती फोनवर आणि दुसरीत गेली तीही फोनवर. फळा, बाक, घंटा, काही काही पाहिलेलं नाही. त्यांच्यापुरती शाळा म्हणजे संध्याकाळी आजीच्या नाहीतर बापाच्या फोनमधून येणारा बाईंचा आवाज. भाजीबाजारातली, रिक्षावरची माणसं सातच्या सुमाराला घरी येत आणि फोन मोकळे होत, म्हणून वर्ग तेव्हा. लिंक पाठवली तरी निम्म्या घरी फोन करून "बसलं का हो पोर?" असं विचारावंच लागे.

एप्रिलात बाईंना स्वतःलाच करोना झाला. बदली आलेल्या गुरुजींनी रोज ग्रुपवर व्हिडिओ टाकले आणि आपलं काम झालं म्हणाले. बाई उठून बसल्या तोवर वर्ग निम्म्यावर आलेला. फोन करकरून त्यांनी मुलं परत गोळा केली, पण रोहित काही सापडला नाही. आईबाप दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला गेले, नंबर बदलला, आणि नुकतंच अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागलेलं ते पोर हातचं गेलं. तो सल बाईंच्या मनातून जात नव्हता. या वेळी एकही पोर गळू द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

देवापुढे दिवा लावून झाला की त्या टाचण काढायला बसत. कुठला पाठ, कुठली कविता, हातच्याची बेरीज काड्यांचे गठ्ठे बांधून कशी दाखवायची, सगळं सुवाच्य अक्षरात, उद्दिष्टं लाल शाईनं. मुख्याध्यापकांनी 'उत्तम' असा शेरा मारून सही केली. बदली म्हणून उज्वलाला नेमलं. शाळेत नुकतीच तासिकेवर लागलेली, राहायला नाशिकरोडला, पोरगी हुशार आणि बोलणंही गोड.

"मी जायच्या आधी एक दिवस वर्ग तू घे," बाई तिला म्हणाल्या. "मी लेकीच्या फोनवरून गुपचूप बसते. कुठे अडलं तर कळेल."

अडलं ते सुरुवातीलाच. उज्वला नमस्ते म्हणाली, तर समोर कुठे छताचा पंखा, कुठे अर्धं कपाळ. जी चार मुलं आली होती तीही गप्प. मग निकिता, मोठी धीट पोर, ती म्हणाली, "तुम्ही कोण? आमच्या बाई कुठंयत?" मागून तिची आजी बायडाबाई ओरडली, "बंद कर गं ते! कोण भलतीच हाय." निकिताची चौकोनी खिडकी गेली. तिच्या मागे दुसरी गेली.

उज्वलानं न आलेल्या मुलांच्या घरी फोन लावायला घेतले. बरेचसे कुणी उचललेच नाहीत. अल्तमशच्या घरचा त्याच्या दादीनं, खातूनबीनं उचलला.

"नमस्कार, अल्तमश आहे का? मी शाळेतून..."

"कौन शाळेतून?"

"त्याचं पूर्ण नाव जरा सांगता का? हजेरीला..."

"आली बघा नाव विचारणारी! ओटीपी नाही देत मी! माझ्या पोरानं, वसीमनं सांगून ठेवलंय, नवीन बाईमाणूस गोड बोलली की फोन ठेवायचा. लाज नाय वाटत?" खाडकन फोन बंद.

वर्ग सुटला तेव्हा उज्वला रडकुंडीला आली होती. "ताई, तुमचं टाचण मी पाठ करून बसले होते हो."

संध्याबाई म्हणाल्या, "टाचणात काय शिकवायचं ते आहे. पण पोराच्या आधी फोन आजीच्या हातात असतो, हे मी लिहिलंच नाही. मला रोजचं झालंय ना, म्हणून सुचलं नाही. चूक माझी. उद्या सकाळी ये. स्कूटी काढू."

सकाळी यजमान दारात आडवे आले. "डॉक्टरांनी जिने चढू नको सांगितलंय."

"चढत नाही. खालून हाका मारते."

आणि तसंच केलं. देवळं अजून उघडली नव्हती, त्यामुळे काळारामाला बाहेरूनच हात जोडले आणि गल्लीगल्लीतून दोघी निघाल्या. मध्येच बाईंना घेरी आल्यासारखं झालं. रसवंतीच्या बाकड्यावर त्या जरा टेकल्या. उज्वला म्हणाली, "ताई, राहू द्या, बाकीचे मी फोनवर बघते." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "फोनवरच तर बिघडलंय. चल."

खातूनबी ओट्यावर लसूण सोलत होत्या. संध्याबाईंना बघून खुलल्या. "या बाई! अहो, काल एक चोरटी फोन करत होती, अल्तमशचं नाव घेऊन."

"तीच ही," बाई म्हणाल्या. "मी दवाखान्यात चाललेय, पंधरा-वीस दिवस हीच तुमच्या अल्तमशला शिकवणार."

खातूनबींनी उज्वलाला वरून खाली न्याहाळलं. "आता तोंड बांधलेलं, मला काय कळणार कोण आहे? मला कुठे वाचता येतं? तुमचा फोन आला की तुमचा फोटो येतो, म्हणून मी उचलते. बिगरफोटोचा फोन आमच्या घरात कोणी उचलत नाही."

संध्याबाई जागच्या जागी थांबल्या. वर्षापूर्वी त्यांनीच वसीमकडून तो फोटो टाकून घेतला होता आणि पार विसरून गेल्या होत्या. "उज्वला, लांब उभी राहा आणि मास्क काढ," त्या म्हणाल्या.

फोटो काढायचा मान खातूनबींनी स्वतःकडे घेतला. पहिल्या खेपेला अंगठाच आला. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "जरा हस की गं, ओटीपीवाली!" उज्वला खळखळून हसली आणि तोच फोटो नंबरावर बसला.

मग दारोदार तेच. नंबर भरायचा, फोटो काढायचा, दोन शब्द बोलायचे. बायडाबाईनं नाक मुरडलं, "ही लय बारकी हाय. हिचं ऐकतील का पोरं?"

"ऐकतील," बाई म्हणाल्या. "फक्त निकिताला आधी जेवलीस का विचारायचं. मग ती बोलायला लागते."

उज्वला प्रत्येक दारात उभ्याउभ्या लिहून घेत होती. कुणाचा फोन बापाबरोबर रिक्षावर असतो, कुणाच्या घरी नमाज आटोपल्यावरच फोन लावायचा, कोण दादाच्या धाकानं बोलत नाही. घरी आल्यावर बाईंनी ते सगळं नीट उतरवलं आणि टाचणाच्या अगदी वर लावलं. त्यावर सही घ्यायला त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या नाहीत.

ऑपरेशन सकाळी होतं, दाखल आदल्या संध्याकाळी व्हायचं. सात वाजले आणि दवाखान्यातल्या खाटेवर पडलेल्या बाईंचं लक्ष घड्याळावरून हलेना. हाताला सलाईनची सुई, उशाशी फोन. यजमान म्हणाले, "देवाचं नाव घे आता."

"घेतेच आहे."

तेवढ्यात फोन वाजला. खातूनबी. बाईंचा हात पुढे गेला.

"उचल ना," यजमान म्हणाले. "काहीतरी विचारायचं असेल त्यांना."

"काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे. ती पोरगी फोन करतेय, उचलू का, असं." बाईंनी हात मागे घेतला. "आज मी हो म्हटलं तर रोज मलाच विचारतील. आणि उद्या मी शुद्धीवर नसले तर?"

फोन वाजत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवून पाहिलं. संध्याबाईंनी दोन्ही हात पांघरुणात घेतले आणि डोळे मिटून पडल्या. ओठ तेवढे हलत होते. रिंग थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली.

मग बराच वेळ काहीच नाही.

साडेसातच्या पुढे उज्वलाकडून फोटो आला, वर्गाचा. यजमानांनी चष्मा लावून फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. बाई एकेक चौकोन बघत गेल्या. निकिता काहीतरी चावत होती. एका कोपऱ्यात कुणाचं तरी अर्धं कपाळ होतं, टोपी वाकडी, आणि मागे लसणाची माळ टांगलेली.

"हा अल्तमश," बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे चौकोन पाहिले. कुणी राहिलं नव्हतं.

"काही कळवू का तिला?" यजमानांनी विचारलं.

"नको. वर्ग चालू आहे तिचा." बाईंनी कूस वळवली. "नर्सला म्हणावं, ऑपरेशनच्या त्या कागदांवर सही करायची होती ना, आणा."