गारगोटी ओळखणारी बाई

दगड दळायच्या गिरणीत ती वीस वर्षं पांढरे दगड निवडत होती. लोक तिला पारखीणबाई म्हणत. चुनखडी कोणती नि गारगोटी कोणती, हे ती चालताचालता सांगे. चुनखडीवर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो, चाकूने ओरखडा उठतो. गारगोटी लिंबाला भीक घालत नाही, चाकूलाही नाही. उलट काचेवर रेघ ओढते. तिची धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही, हे मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते नवऱ्याकडे बघून कळलं. तो तिथेच दळणाच्या यंत्रावर होता. आता खाटेवरून मोरीपर्यंत जाताना तीनदा बसायचा.

गारगोटीच्या धुळीचा आजार असं कागदावर आलं, तर मोठ्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन फुकट मिळणार होता. मालकाने कानावर हात ठेवले, "आमच्याकडे फक्त चुनखडी दळतात."

म्हणून ती तपासणी कार्यालयात गेली. पिशवीतून गारगोटी काढली आणि साहेब नको नको म्हणेपर्यंत टेबलाच्या काचेवर वीतभर रेघ ओढली. शिपाई धावला. साहेब आधी चिडले, मग हसले.

"गारगोटीच आहे, बाई. वादच नाही. पण त्या गिरणीतली कशावरून? धूळ कुठंय हिच्यावर?"

तिचा चेहराच उतरला. साहेबांसमोर घाणेरडा दगड कसा न्यायचा, म्हणून सकाळीच तिने तो घासून लख्ख धुतला होता. अतिशहाणपण नडतं ते असं.

साहेब आठवड्याने गिरणीत गेले, तेही आधी कळवून. अंगणात चुनखडीचा ढीग तयार होता. लिंबू पिळलं, फेस आला, मालकाने चहा मागवला. प्रकरण मिटलं.

मग आजाराचा कागद मागायला ती डॉक्टरांकडे गेली. ते काय म्हणाले, ते तिला घरी येऊन सांगवेना. पण नवरा ऐकेना.

"एक्स-रेत क्षयासारखंच दिसतं, छाती उघडून बघितली तरच नक्की कळेल म्हणतात," ती म्हणाली. "आणि ते... माणूस गेल्यावरच करतात."

तो बराच वेळ धापा टाकत राहिला.

"मग थांब की थोडं," तो म्हणाला. "फार दिवस नाही लागायचे."

तिने रागाने त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि घाबरून लगेच काढून घेतला. तो तोंडानेच श्वास घेत होता.