रांजणातला बेसूर

काखेती प्रांतातल्या आमच्या या गावात लोक लांबून वाइन प्यायला येतात, घोट घेऊन डोळे मिटतात, जुन्या तळघरांची तारीफ करतात. एतेरीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मला याचा राग येतो, ते आधीच सांगून टाकते.

एतेरी माझी शेजारीण. तिचा नवरा शेर्मादिन वाइनचे रांजण धुतो. हे रांजण जमिनीत पुरलेले, उभा माणूस आत दिसेनासा होईल इतके खोल. तो कमरेला दोर बांधून आत उतरतो, चेरीच्या सालीच्या कुंच्याने घासतो आणि घासताना गातो. गायलाच हवं. तळाशी वायू साचलेला असला तर माणूस आवाजही न करता आडवा होतो. एतेरीचे वडील असेच गेले. वर बसलेला गडी गप्पांत रंगला होता. म्हणून लग्न झाल्यापासून रांजणाच्या तोंडाशी एतेरीच बसते, दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून. गावातल्या कितीतरी लग्नांत तिने नाच पाहिला नाही, पण नवऱ्याचं गाणं एकदाही चुकवलं नाही.

गेल्या वर्षी द्राक्षं उतरवायच्या आधी शहरातून पाहुणे आले. माझ्या नवऱ्याने, ओतारने, अंगणातच जेवण मांडलं. चार पावलांवर रांजण धुणं चालू होतं.

"आजी, या की, एक पेला घ्या," एक पाहुणा एतेरीला म्हणाला.

"मी ऐकतेय."

"याला गाणं म्हणता तुम्ही?"

"गाणं कोण म्हणालं? जिवंत आहे, एवढंच ऐकतेय."

मग ओतारने पेला उचलला, गेलेल्यांच्या नावाने. एकेक नाव घेत तो एतेरीच्या वडिलांपर्यंत आला. सगळे उठून उभे राहिले. अंगण चिडीचूप झालं. आणि रांजणही.

एतेरीने हाक मारण्यात वेळ घालवला नाही. दोन्ही पाय रांजणाच्या काठाला लावून तिने दोर ओढला. आम्ही पेले टाकून धावलो. सगळ्यांनी मिळून ओढलं तेव्हा शेर्मादिनचं डोकं वर आलं, ओलंचिंब आणि भयंकर चिडलेलं.

"अगं, बरगड्या मोडशील माझ्या."

"गप्प का झालास?"

"वर तुझ्या बापाचं नाव घेत होते. तेव्हा काय गात बसू?"

एतेरी तिथेच मातीत बसली आणि रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मनगट दोराने सोलवटलं होतं. शेर्मादिन बाहेर येऊन, हातात कुंचा तसाच, तिच्यासमोर उभा राहिला.

"माझ्या बापाचा मान ठेवायचाय ना तुला?" ती डोळे पुसत म्हणाली. "मग गात राहा."

तो पुन्हा उतरला. ओतारने पेले भरले आणि ती नावं पहिल्यापासून घेतली. आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. खालून तो भसाडा आवाज येत होता. पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही. एतेरीनेही मान खाली घातली होती, फक्त कान रांजणाकडे होता.